परांची की सांगाडा? : अस्थिपुनर्रचनेच्या परिभाषेतील रूपकविचार

रायपूरच्या उत्तरेकडील भनपुरी हा रोलिंग मिल आणि लहानमोठ्या कारखान्यांचा परिसर होय. १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात असल्याने या शहरातील मराठीचा वावर जुना आहे. हिंदी व छत्तीसगढी तर सभोवती आहेतच. अशा बहुभाषिक परिसरात यंत्राच्या अपघातात नडगीच्या हाडाचा तुकडा गमावलेल्या कामगाराला नवी उपचारपद्धती समजावून द्यावयाची झाल्यास पारिभाषिक शब्दाची निवड ही केवळ कोशकाराची बाब राहत नाही. रुग्णाची संमती त्या शब्दावर उभी असते.

रुग्णाच्याच कटीच्या हाडातून काढलेला तुकडा तुटीच्या जागी बसविणे ही आजही प्रमाण मानली जाणारी पद्धत आहे. तिला आपण ‘अस्थिरोपण’ म्हणतो. हे रूपक लागवडीचे आहे. परंतु असे हाड मर्यादितच मिळते. बाहेरून बसविलेल्या पदार्थाकडून पूर्वी एवढीच अपेक्षा असे, की त्याने शरीराशी वैर धरू नये. १९६९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी सिद्ध केलेल्या काचेने ही अपेक्षा बदलली. तिच्यात वजनाने ४५ टक्के सिलिका, सोडियम व कॅल्शियम यांची ऑक्साइडे प्रत्येकी २४.५ टक्के आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड ६ टक्के असते. शरीरद्रवाचा स्पर्श होताच तिच्यातून आयन बाहेर पडतात, पृष्ठभागावर सिलिकाचा जेलसारखा थर तयार होतो आणि त्यावर अस्थिखनिजाशी साम्य असलेले ॲपेटाइट साचते. हाड त्याच्याशी सांधले जाते. ‘जैवसक्रिय’ या विशेषणाचा अर्थ हाच.

ऊती-अभियांत्रिकी याच्या पुढे जाते. ‘ऊती’ हा शब्द विणणे या अर्थाच्या संस्कृत धातूकडे नेतो. ‘टिश्यू’ आणि ‘टेक्स्ट’ हे इंग्रजी शब्दही विणण्याच्याच लॅटिन धातूपासून आले आहेत. येथे दोन्ही परंपरा एकाच रूपकावर भेटतात. मात्र पेशी, वाढीचे संकेत आणि सच्छिद्र आधार या तीन घटकांपैकी तिसऱ्याचे नाव, म्हणजे ‘स्कॅफोल्ड’, बांधकामातून आले आहे.

त्यासाठी ‘सांगाडा’ योजल्यास घोटाळा होतो. मराठीत सांगाडा म्हणजे प्रत्यक्ष अस्थिपंजर. त्यामुळे कृत्रिम हाड जन्मभर अंगात राहणार, असा रुग्णाचा समज होईल. ‘परांची’ मात्र भिंत उभी राहीपर्यंतच असते, आणि उपचाराचे मर्मही तेच आहे. आधार हाड भरण्याआधी विरघळला तर जागा ढासळते. फार काळ टिकला तर नव्या हाडाला अडथळा होतो.

हे रूपकही अपुरेच आहे. परांची भिंतीबाहेर असते व गवंडी ती उतरवतो. येथे पेशी आधाराच्या छिद्रांतच वसतात आणि शरीर स्वतः तो विरघळवते. शिवाय जैवसक्रिय काच ठिसूळ असल्याने नडगीसारख्या भारवाही हाडाला धातूची पट्टी वा सळई लागतेच. ही मर्यादा कोणताही एक शब्द सांगू शकत नाही. ती वाक्यानेच सांगावी लागते. तरीही काय राहणार आणि काय जाणार, हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर ‘परांची’ देते. म्हणून तिची निवड अधिक प्रामाणिक ठरते.