धनको, ऋणको आणि चिमूटभर मीठ

महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे विज्ञानशाखेतील सहकारी सहसा दोनच कारणांनी येतात : एक तर रजेच्या अर्जातले ऱ्हस्वदीर्घ तपासून घ्यायला, नाहीतर कन्येच्या लग्नपत्रिकेचा मजकूर लिहून घ्यायला. म्हणून आमचे रसायनशास्त्राचे सहकारी परवा माझ्यासमोर येऊन बसले, तेव्हा मी खिशातले पेन आधीच बाहेर काढले. पण त्यांची अडचण निराळीच होती.

"अहो, इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीला आमच्या पुस्तकांत 'विद्युतऋणता' म्हणतात. मला व्याख्यानमालेत साध्या श्रोत्यांपुढे बोलायचे आहे. हा शब्द कुणाला कळेल का?"

"आधी वस्तू काय आहे ते सांगा, शब्दाचे मग पाहू," मी ऐटीत म्हणालो.

त्यांनी वस्तू सांगितली ती अशी. थंडीच्या दिवसांत दोन भावंडे एका गोधडीत निजली आहेत. दोघांची ताकद सारखी असेल तर गोधडी बरोबर मधोमध राहते. एक जरा दांडगा असेल तर त्याच्या अंगावर जास्त आणि दुसऱ्याचे पाय उघडे! दोन अणू एकमेकांना धरून राहतात तेही असेच, काही इलेक्ट्रॉन दोघांत सामाईक ठेवून. ती सामाईक गोधडी आपल्याकडे ओढून घेण्याचे अणूचे जे सामर्थ्य, तीच विद्युतऋणता.

आता शब्दाकडे वळणे मला भाग होते. आपल्या गणितात अधिक संख्येला 'धन' आणि उणे संख्येला 'ऋण' म्हणतात, आणि ही वहिवाट फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये लिहिलेल्या ब्रह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण यांच्या बेरीजवजाबाकीचे नियम दिलेले आहेत. धन म्हणजे पदरची ठेव, ऋण म्हणजे कर्ज. पुढे विजेचेही धन आणि ऋण असे दोन प्रकार ठरले, आणि १८९७ साली सापडलेल्या इलेक्ट्रॉनच्या वाट्याला ऋण भार आला. तेव्हा जो अणू दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन घेतो तो ऋणभारित होतो. म्हणजे घेणारा तो ऋणको आणि देणारा तो धनको! इंग्रजी शब्दात नसलेला हा जमाखर्च आपल्या शब्दात फुकट मिळतो. "शब्द मुळीच बदलू नका," मी सहकाऱ्यांना म्हणालो. त्यांनाही ते पटले, आणि मग चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत त्यांनी मला या ऋणकोंची सारी वंशावळ ऐकवली. त्यातली काही वाचकांपुढे ठेवतो.

मूलद्रव्यांना अशी प्रतवारी लावण्याची कल्पना स्वीडनच्या बर्झेलियस यांची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी जी यादी केली तिच्या एका टोकाला ऑक्सिजन आणि दुसऱ्या टोकाला पोटॅशियम होते. पण कोण किती ओढतो हे आकड्यांत सांगायला १९३२ साल उजाडावे लागले. ते काम लायनस पॉलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने केले. ओढ मोजायला तराजू तर नाही. मग त्यांनी काय केले? त्यांनी बंध तोडायला किती शक्ती लागते ते पाहिले. हायड्रोजनचे जोडीदार अणू अलग करायला, रसायनशास्त्रज्ञांच्या ठरलेल्या मापामागे, सुमारे १०४ किलोकॅलरी लागतात. क्लोरीनच्या जोडीला ५८. मग एक हायड्रोजन आणि एक क्लोरीन यांची जोडी तोडायला दोहोंची सरासरी, म्हणजे ८१, लागायला हवी. प्रत्यक्षात लागतात १०३! हे वरचे २२ आले कोठून? पॉलिंग म्हणाले, ते ओढीतल्या फरकातून आले. क्लोरीन दांडगा आहे. गोधडी त्याच्याकडे सरकते. एका बाजूला थोडा ऋण भार येतो, दुसऱ्या बाजूला थोडा धन, आणि विरुद्ध भार एकमेकांना आणखी घट्ट धरतात. फरक जितका मोठा, तितका हा वरचा नफा मोठा.

या हिशेबातून जी कोष्टके तयार झाली त्यांत आज हायड्रोजनचा आकडा २.२०, कार्बनचा २.५५, क्लोरीनचा ३.१६ आणि ऑक्सिजनचा ३.४४ धरतात. सोडियमचा अवघा ०.९३. मलीकन, ऑलरेड, रोशो वगैरेंनी पुढे ओढ मोजण्याच्या दुसऱ्या रीती काढल्या, तरी वर्गातल्या भिंतीवर अजून पॉलिंगचेच आकडे टांगलेले असतात.

हे आकडे कोरडे वाटतील, पण आपला संसार त्यांच्यावर चालतो. सोडियम हा धातू इतका उधळ्या धनको आहे, की त्याला रॉकेलसारख्या तेलात बुडवून ठेवावे लागते. पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा विषारी वायू. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्र येथे जर्मन सैन्याने तो शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. या दोघांच्या ओढीत दोनाहून अधिकाचा फरक. येथे गोधडी सरकण्याचा प्रश्नच नाही. सोडियम आपला इलेक्ट्रॉन देऊनच टाकतो. देणारा शांत, घेणाराही शांत, आणि दोघे मिळून जे होते ते आपण ताटात डाव्या बाजूला वाढतो!

पाण्याचे प्रकरण याहून नाजूक. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातला फरक सव्वाच्या आसपास; म्हणजे पुरते देणेघेणे नाही, पण गोधडी बरीच कललेली. त्यामुळे पाण्याच्या प्रत्येक रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन, आणि शेजारचे रेणू एकमेकांना हात धरून राहतात. ऑक्सिजनच्याच घराण्यातले गंधक घ्या. त्याचा आकडा २.५८, हायड्रोजनशी त्याची जोडी जवळजवळ सारख्या ताकदीची. तिचा जो वायू होतो तो सडक्या अंड्यासारखा घाण येणारा, आणि तो उणे ६० अंशांनाच उकळतो. पाणी मात्र १०० अंशांपर्यंत दम धरते. ऑक्सिजनची ओढ एवढी नसती तर नदी, समुद्र आणि आपल्या घरचा माठ यांतले सारे पाणी केव्हाच हवेत उडून गेले असते.

आता या वंशावळीतला थोरला. ऋणकोंचा महाऋणको म्हणजे फ्लोरीन. पॉलिंगनी त्याला ४ हा आकडा दिला. आजचा हिशेब ३.९८. त्याच्यावर कोणी नाही. आणि म्हणूनच त्याने माणसांना जेवढे छळले तेवढे क्वचितच दुसऱ्या मूलद्रव्याने छळले असेल. ते खनिजांत आहे हे सर्वांना ठाऊक होते, पण त्याने घेतलेला इलेक्ट्रॉन परत काढून घ्यायचा कोणी? त्याच्याहून दांडगा तर कोणी नव्हता! विजेच्या जोराने सोडवावे, तर ते सुटल्याबरोबर भांड्यालाच खाई. पाणी असेल तर पाण्यातला हायड्रोजन पळवी. शिवाय ज्या आम्लातून ते मिळवायचे ते काच विरघळवणारे आणि अंगात भिनणारे. हंफ्री डेव्हींनी १८१३ साली हात घातला आणि प्रकृती बिघडवून घेतली. आयर्लंडचे नॉक्स बंधू विषबाधेने आजारी पडले. ब्रसेल्सचे लुये आणि नान्सीचे निक्लेस हे दोघे तर या कामापायी प्राणास मुकले.

अखेर पॅरिसमध्ये २६ जून १८८६ रोजी आंरी म्वासाँ यांनी ते साधले. विषबाधेमुळे त्यांनाही मधून मधून काम थांबवावे लागले होते. प्लॅटिनमच्या नळीत, कडक थंडीत, त्यांनी आम्लातून वीज सोडली. नळीची बुचे त्यांनी फ्लोरस्पार या खनिजाची केली होती. त्यातली खुबी पाहा : ते खनिज फ्लोरीनने आधीच तृप्त झालेले, त्याच्याकडून फ्लोरीनला आणखी काय मिळणार? पण अकादमीचे मान्यवर पाहायला आले त्या दिवशी यंत्र हलेना. म्वासाँनी पाहुण्यांच्या मानासाठी आम्ल इतके शुद्ध करून आणले होते, की त्यातून वीजच वाहीना! थोडा क्षार मिसळल्यावर पुढचा प्रयोग ठीक झाला. १९०६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९०७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, ते वारले. विजेवाचून, केवळ रासायनिक क्रियेने फ्लोरीन सोडवायला तर १९८६ साल यावे लागले.

या महाऋणकोने पुढे आणखी एक नवल केले. १९६२ साली कॅनडात नील बार्टलेट यांना आढळले, की प्लॅटिनमभोवती सहा फ्लोरीन बसले म्हणजे ते मिळून प्रत्यक्ष ऑक्सिजनकडूनही इलेक्ट्रॉन काढून घेतात. जन्मभर घेणारा ऑक्सिजन देणारा झाला! मग त्यांनी विचार केला, झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढायला ऑक्सिजनइतकाच जोर लागतो. तोही का देणार नाही? झेनॉन हा कोणाशी देणेघेणे न करणारा 'निष्क्रिय' वायू म्हणून पुस्तकांत प्रसिद्ध. त्यानेही दिला, आणि पुस्तके बदलावी लागली.

एवढे ऐकल्यावर मी म्हणालो, "एकदा इलेक्ट्रॉन मिळाला म्हणजे फ्लोरीनचे पोट भरले. मग तो निरुपद्रवी ना?"

सहकारी गंभीर झाले. "आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत जाऊन या," ते म्हणाले. तेथल्या खडकांतून फ्लोराइड विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यात उतरते. फ्लोराइड म्हणजे पोट भरलेला फ्लोरीनच, पण कॅल्शियमवर त्याचा जीव. आणि आपली हाडे व दात कॅल्शियमचे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरे पाणीच नसेल तर फार तर दीड, अशी आपल्याकडची मर्यादा आहे. वर्षानुवर्षे त्याहून पुष्कळ जास्त पोटात गेले, तर मुलांचे दात डागाळतात आणि मोठ्यांची हाडे व सांधे आखडतात. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड. तपासल्याखेरीज कळत नाही. प्रयोगशाळेतल्या माणसांना निदान ठाऊक होते आपण कशाशी खेळतो आहोत ते. हांडा डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईला ते कोण सांगणार?

मी पेन खिशात ठेवले. "व्याख्यानाची सुरुवात गोधडीपासून करा," मी त्यांना सुचवले, "पण शेवट या विहिरीपाशी करा. आणि शक्य झाले तर ते व्याख्यान आधी तिकडच्या गावांत द्या. शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ मी पाहून देईन."

त्या रात्री जेवताना ताटातल्या मिठाकडे मी जरा वेळ पाहत राहिलो. गृहिणीने विचारले, "कमी पडलंय का?"

"नाही," मी म्हणालो, "बरोबर आहे. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे, दोघांचेही."

तिने माझ्या पानात निमूटपणे आणखी एक चिमूट वाढली.