पाचशेच्या नोटेसारखी लग्नपत्रिका: चालेल का?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप.

एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, ताईच्या लग्नाची पत्रिका पाचशेच्या नोटेसारखी करतोय. गंमत म्हणून. चालेल ना?"

थेट उत्तर देतो: नको करूस. मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण कायद्याचं कलमही कोडसारखंच वाचायचं असतं. अटी काय आहेत, तेवढं बघायचं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचं कलम १८२ म्हणजे जुन्या ४८९-ई चा नवा अवतार. नोटेसारखा दिसणारा दस्तऐवज बनवणं, बनवून घेणं, कुठल्याही कारणासाठी वापरणं किंवा कुणाला देणं हा गुन्हा आहे. तो हुबेहूब असायलाच हवा असं नाही, कोणत्याही प्रकारे साम्य असलं तरी पुरतं. फसवायचा हेतू हवा, अशी वेगळी अट तिथे लिहिलेलीच नाही. म्हणून "गंमत होती हो" एवढ्यावर सुटका होईल असं धरून चालू नका. डॉलर-युरोसारखी केली तरी तेच, कारण व्याख्येत जगभरच्या नोटा येतात.

आता खरी मेख. अशा कागदावर ज्याचं नाव असेल त्यानेच तो बनवून घेतला, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. तसं नाही हे मग त्याने सिद्ध करायचं. आणि लग्नपत्रिकेवर तर आजोबांपासून करवलीपर्यंत अख्ख्या घराची नावं असतात!

दंड किती? ३०० रुपयांपर्यंत. पोलिसांनी विचारल्यावर छापणाऱ्याचं नाव-पत्ता सांगायला नकार दिला, तर ६०० पर्यंत. "एवढंच?" म्हणून हसू नका. चार कलमं अलीकडे १७८ आहे, खोट्या नोटा बनवण्याचं. तिथे जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद. आपला कागद यातल्या कुठल्या कलमात बसतो, हे पोलीस स्टेशनात बसून समजावत राहायची वेळ कशाला आणायची? फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीतल्या एका एटीएममधून 'चिल्ड्रन बँक ऑफ इंडिया' लिहिलेल्या दोन हजारांच्या नोटा निघाल्या होत्या. खेळण्यातला कागद कुठवर पोचू शकतो, बघा.

"पण साइज बदलली की चालतं ना?" हा नियम अमेरिकेचा. तिथे चित्र एकाच बाजूला हवं, मूळ नोटेच्या ७५ टक्क्यांहून लहान किंवा १५० टक्क्यांहून मोठं हवं, आणि काम झाल्यावर फाइलसुद्धा नष्ट करायची. युरोपात एका बाजूच्या चित्राला ७५ आणि १२५ टक्के असे आकडे आहेत. आपल्या कलम १८२ मध्ये असा एकही आकडा नाही. त्यामुळे परदेशी व्हिडिओतला सल्ला इथे कामाचा नाही.

मग थंबनेल आणि रील्स? नव्या संहितेत 'दस्तऐवज' या शब्दात इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल रेकॉर्डही येतात. याचा अर्थ नोट दिसली की प्रत्येक थंबनेल गुन्हा, असं नाही. पण "छापलंय कुठे, फोनवरच तर आहे" हे म्हणणं आता लंगडं पडतं.

सॉफ्टवेअरवर विसंबू नका. २००३ सालच्या फोटोशॉप सीएसपासून त्यात नोटांची चित्रं ओळखून अडवणारी यंत्रणा आहे. तरी एखाद्या ॲपने अडवलं नाही, म्हणजे कायद्याने परवानगी दिली असं होत नाही.

मग करायचं काय? पैशाचीच थीम हवी असेल तर ₹ चिन्ह घ्या, नाण्यांची चित्रं काढा, पासबुकासारखी पत्रिका करा. नोटेची मांडणी, रंग, गांधीजींचं चित्र, गव्हर्नरची सही आणि १५० बाय ६६ मिलिमीटरचा आकार, हे सगळं एकत्र आणू नका.

ओळखीत कुणाची प्रिंटिंग प्रेस असेल तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. ऑर्डर गिऱ्हाइकाची असली, तरी 'बनवणारा' म्हणून कलमात तेही येतात. भेटू पुढच्या भागात!