व्हायोलिनच्या तारा आणि विद्यार्थ्याचा खिसा

आपल्या महाविद्यालयात गाणारे पुष्कळ आहेत, तबला-पेटी वाजवणारेही आहेत. गजाने वाजवायचे वाद्य हाती घेणारे मात्र मोजकेच. ही वाद्ये अवघड आहेत, हे एक कारण झाले. दुसरे कारण सहसा कोणी बोलून दाखवत नाही. व्हायोलिन एखाद्या नातेवाइकाकडे जुने पडलेले मिळते, गज मिळतो, शिकवणारे गुरुजीही मिळतात. पण तारा पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागतात. ‘अमक्याने व्हायोलिन सोडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा कित्येकदा एक तार तुटलेली असते आणि नवा संच परवडत नसतो. मी स्वतः व्हायोलिनचा विद्यार्थी आहे. या खर्चाला आळा कसा घालता येतो, याविषयी थोडी माहिती येथे देत आहे.

प्रथम तारांच्या जाती पाहू. पूर्वी या तारा मेंढीच्या आतड्यापासून करीत. तिलाच आपण तात म्हणतो. सतराव्या शतकात तातेवर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती निघाली, त्यामुळे तार फार जाड न करताही खर्ज मिळू लागला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सर्वांत वरची तार पोलादाची करण्याची पद्धत रूढ झाली आणि पुढे नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचा गाभा असलेल्या तारा आल्या. आज तात, कृत्रिम धागा व पोलाद असे तीन प्रकारचे गाभे मिळतात आणि साधारणपणे याच क्रमाने किंमत उतरत जाते. पोलादी गाभ्याचा नाद थोडा कडक असतो, हे खरे. परंतु तो टिकाऊ असतो आणि पावसाळ्यात तातेसारखा ओलावा शोषून बेसूर होत नाही. शिकाऊ वादकाला तोच सोयीचा.

आता महत्त्वाचा मुद्दा. दुकानात मिळणारा संच पाश्चात्त्य जुळणीसाठी बनवलेला असतो. त्यात जी, डी, ए, ई या क्रमाने प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात असते. आपल्याकडे पुष्कळ वादक सा-प-सा-प अशी जुळणी ठेवतात. जाड तार जी म्हणजे पांढरी पाचवर ठेवली, तर वरच्या दोन्ही तारा एकेक पूर्ण स्वर खाली उतरतात. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने एक स्वर उतरला की ताण सुमारे एक पंचमांश कमी होतो. तार सैल पडते आणि गजाखाली तिचा आवाज पोकळ येतो. म्हणजे भारी किमतीचा संच घेऊनही आपल्या जुळणीला तो पुरता लागू पडत नाही! अशा वेळी उंची संचापेक्षा योग्य जाडीची सुटी तार अधिक उपयोगी पडते.

वरची पोलादी तार साधारण ०.२६ मिलिमीटर जाडीची असते. एक स्वर खाली जुळवून तोच ताण हवा असेल, तर जाडी सुमारे ०.२९ मिलिमीटर लागते. ही जाडी म्हणजे ३१ नंबरची साधी पोलादी तार. सतारीला लागणाऱ्या साध्या तारा अशाच नंबरांवर मिळतात (नंबर वाढला की तार बारीक होते, हे लक्षात ठेवावे). तारेच्या टोकाला पीळ देऊन कडी करावी. घोडीच्या लाकडात तार रुतू नये म्हणून तिच्याखाली चामड्याचा बारीक तुकडा ठेवावा. खालच्या तारेसाठी ‘भारी’ ताणाची तार मागावी. काही उत्पादक एकच तार हलकी, मध्यम व भारी अशा तीन प्रकारांत विकतात.

मेंडोलिनही जी-डी-ए-ई असेच जुळवतात. पाश्चात्त्य जुळणी ठेवणाऱ्यांना त्याची वरची साधी तार अडीअडचणीला चालते. गुंडाळी असलेली जाड तार मात्र चालत नाही. तिच्यावरची गुंडाळी गोल तारेची असल्याने गजाचे केस त्यावर खरखरतात. व्हायोलिनच्या तारेवर सहसा चपटी पट्टी गुंडाळलेली असते. गुंडाळीच्या तारांत काटकसर करू नये, ती साध्या तारेत करावी.

इतर वाद्यांची गोष्ट थोडी निराळी. दिलरुब्याच्या तारा धातूच्याच असल्याने तेथेही सुट्या तारांचा मार्ग मोकळा आहे. सारंगीच्या मुख्य तीन तारा तातेच्या असतात, त्यामुळे सारंगीवाल्याला निवडीस वाव कमी. चेलोच्या तारा सर्वांत महाग. तिथे जपणूक हाच उपाय.

ही जपणूक सर्वांनाच लागू आहे. वाजवून झाल्यावर तारांवरची राळ व घाम कोरड्या फडक्याने पुसावा. तार जेथे खाचेतून जाते, तेथे पेन्सिलीचे शिसे घासावे. तारा एकेक करून बदलाव्यात. चारही एकदम सोडल्या तर घोडी पडते आणि आतला आधाराचा दांडा निखळण्याचा संभव असतो. शेजारच्या दोन तारांवर एकच बोट आडवे दाबून पंचम जुळेनासा झाला, तर त्यांतली एक तार थकली असे समजावे आणि तेवढीच बदलावी.

शेवटी एक सूचना. आपल्या संगीत मंडळाने सुट्या तारांचा एक डबा ठेवावा. प्रत्येक पाकिटावर नंबर लिहावा आणि उतरवलेल्या पण चांगल्या ताराही त्यात जमा कराव्यात. स्नेहसंमेलनातल्या एका हाराच्या खर्चात बहुधा दोन-चार तारा येतील. तेवढ्याने एखाद्याचे व्हायोलिन पेटीत बंद व्हायचे राहिले, तर तो खर्च सत्कारणी लागला असे मी म्हणेन.