विलायती सांगाडा, सोलापुरी रफू

मे महिन्यातली दुपार, पारा ४३-४४ला टेकलेला. सोलापूरच्या सात रस्ता चौकात गर्दीत अडकलेली पांढरी अ‍ॅम्बॅसिडर दोन आचके देते आणि गप्प होते. मागून हॉर्न सुरू. चालक घाई करत नाही. खाली उतरतो, बॉनेट उचलतो, सीटखालचं फडकं बाटलीतल्या पाण्यात भिजवतो आणि इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपावर गुंडाळतो. दहा मिनिटांनी सेल्फ मारला की गाडी जणू काही झालंच नव्हतं अशी चालू. हे दृश्य पाहत मोठी झालेली पिढी सोलापुरात अजून चांगली हिंडतीफिरती आहे.

या दुखण्याला व्हेपर लॉक म्हणतात. इंजिनाच्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप बनलेला द्रव ढकलायला; वाफेपुढे त्याचं काही चालत नाही आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. ऑक्सफर्डजवळच्या काउली कारखान्यात ज्यांनी ही गाडी आखली, त्यांच्या डोळ्यांपुढे सोलापूरचा उन्हाळा असायचं कारण नव्हतं. ओलं फडकं ही त्या आराखड्यात इथे झालेली पहिली दुरुस्ती.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये जगभर एक वाद चालतो: गाडी मूळ रूपात राखायची की तिच्यात आजच्या सोयी घालायच्या? सोलापुरातल्या विलायती गाड्यांपुढे हा वाद थोडा पोकळ वाटतो. या गाड्या इथे आल्या त्याच मुळी उसन्या आणि बदललेल्या रूपात.

वंशावळ

हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ची. काउलीला १९५६ साली बाजारात आलेल्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्रीवरून कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा इथे तिने अ‍ॅम्बॅसिडर उभी केली आणि १९५७-५८पासून ती रस्त्यावर आली. सुरुवातीचं इंजिन जुन्या धाटणीचं, १४७६ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह. ते कंपनीनेच लवकर काढून त्या जागी १४८९ सीसीचं, वर व्हॉल्व्ह असलेलं बी-सीरीज इंजिन बसवलं. १९९०च्या दशकात जपानच्या इसुझुचं १८१७ सीसी इंजिन आणि पाच गिअरांचा बॉक्स आला. पत्र्याचा आकार मात्र २०१४ साली उत्पादन थांबेपर्यंत जवळजवळ तोच राहिला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला काही अ‍ॅम्बॅसिडर ‘फुलबोर’ या नावाने इंग्लंडात विकायलाही गेल्या. म्हणजे माहेरची मुलगी म्हातारपणी माहेरी आली, तीही नव्या नावाने. पुढे २०१७ साली अ‍ॅम्बॅसिडर हे नाव ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजो समूहाला विकलं गेलं.

मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची कहाणी याहून गमतीची. तिची हेराल्ड म्हणजे इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, इटालियन मिकेलॉटीच्या रेखाटनाची. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलतं आणि माणूस चाकावर बसून इंजिनात हात घालू शकतो. घरी दुरुस्ती करणाऱ्याला याहून सोयीची गाडी मिळणं अवघड. मूळ हेराल्डच्या मागच्या चाकांना ‘स्विंग अ‍ॅक्सल’ होता. वेगात वळण घेताना त्याची धास्ती वाटे. १९७२च्या गॅझेलमध्ये कंपनीने तो काढून सरळ अखंड अ‍ॅक्सल घातला. १९८५ साली आलेली स्टँडर्ड २००० वरून रोव्हर एसडी-१ होती, आत जुन्या व्हॅनगार्डच्या घराण्यातलं इंजिन होतं. भारी सूट आणि पायात झिजलेल्या चपला अशी ती जोडी तीन-चार वर्षांतच बंद पडली. १९८४ची काँटेसासुद्धा इंग्रजीच, व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या सांगाड्याची. सुरुवातीला तिलाही अ‍ॅम्बॅसिडरचंच १४८९ सीसी इंजिन ओढत होतं. दम लागतो हे उघड झाल्यावर इसुझु आलं.

या सगळ्यांची प्रतिस्पर्धी मात्र थेट सोलापूरशी नातं सांगणारी. प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. १९४४ साली स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीने कुर्ल्याला आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी करार केला. पुढे त्या फियाटची प्रीमियर पद्मिनी झाली. म्हणजे सोलापूरच्या माणसाची गाडी इटालियन, तर सोलापूरच्या कलेक्टर कचेरीसमोर रांगेने उभी असायची ती इंग्रजी.

पाना कुठला लावायचा

विलायती यंत्र उघडायची सोलापूरला सवय होती. इथली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी १८७७ सालची. त्या काळी गिरण्यांची यंत्रं प्रामुख्याने इंग्लंडातून यायची, आणि सुटा भाग बोटीने येईपर्यंत माग थांबवून ठेवणं परवडणारं नसे. पुढे घरोघरी यंत्रमाग आले, चादरी-टॉवेलांचा धंदा वाढला, तसे मागाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारे जॉबर आणि नमुना पाहून तसाच भाग उतरवून देणारे लेथवाले तयार झाले. जुन्या गाडीला हीच दोन माणसं लागतात.

घरी काम करणाऱ्याला पहिला धडा पान्याचा मिळतो. या गाड्यांचे नट-बोल्ट इंचात. आजच्या पेटीतले पाने मिलिमीटरमध्ये. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला १३चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण ०.३ मिलिमीटरची फट राहते. गंजलेल्या नटावर जोर लावला की त्याचे कोपरे झिजून नट गोल होतो. मग छिन्नी-हातोडी, मग गॅसची ज्योत, मग शेजाऱ्यांची चौकशी. म्हणून अनुभवी माणूस इंची पान्यांचा जुना संच कुणाला उसना देत नाही.

सुट्या भागांची शोधयात्रा पुण्याच्या नाना पेठेपासून सुरू होते. तिथे जमलं नाही तर मुंबईचा चोर बाजार, कुर्ल्याची भंगार गल्ली, अगदीच दुर्मीळ असेल तर कोलकात्याचा मल्लिक बाजार. अ‍ॅम्बॅसिडरवाल्याचं नशीब इतरांपेक्षा बरं. सांगाडा अर्धशतकाहून जास्त काळ तोच राहिल्याने नातीचे पुष्कळ भाग आजीला बसतात. हेराल्डवाल्याला ती सोय नाही. तो इंग्लंडातून पार्सल मागवतो किंवा लेथवाल्याकडे नमुना घेऊन जातो.

पत्रा, रबर आणि पाणी

मुंबईत आणि कोकणात जुनी गाडी पत्र्यापासून मरते. सोलापूरची कोरडी हवा पत्र्याला पुष्कळ सांभाळून घेते, पण रबराला सोडत नाही. दारांच्या पट्ट्या, इंजिनाखालची माउंटिंग, ब्रेकच्या नळ्या उन्हाने तडकतात. तरी अ‍ॅम्बॅसिडरला वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्याच्या पेटीवरच; त्यामुळे दारांखालच्या पट्ट्या, डिकीचा तळ आणि पायांखालची जमीन टोकदार हातोडीने ठोकून पाहावी लागते. टणटण आवाज आला तर ठीक. बदबद वाजलं तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे, आणि गाडी विकणाऱ्याने ती रंगाखाली झाकली आहे.

दुसरा शत्रू पाणी. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की आतल्या बारीक नळ्यांत चुन्याचा थर बसतो आणि इंजिन तापू लागतं. रेडिएटर उतरवून नळ्या साफ करणं, शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून भरणं आणि पुढे विजेवर चालणारा पंखा बसवणं या तीन कामांनी सोलापूरच्या उन्हाळ्याचा अर्धा प्रश्न सुटतो. मूळ पंखा पट्ट्याने इंजिनाला जोडलेला. सिग्नलला गाडी उभी असताना, म्हणजे नेमका हवा तेव्हा, तो मंद फिरतो.

पंधरा थाउजंड

जुन्या गाडीची खरी ओळख इग्निशनमध्ये होते. डिस्ट्रिब्युटरला गॅरेजमध्ये अजूनही ‘डेल्को’ म्हणतात. त्याचं झाकण काढलं की आत दोन छोटे पॉइंट दिसतात. ते उघडतात तेव्हा प्लगला ठिणगी मिळते. बी-सीरीज इंजिनात ही फट ०.०१५ इंच, मिस्त्रीच्या भाषेत ‘पंधरा थाउजंड’. इंजिन हाताने फिरवायचं, पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर आणायची, फिलर गेजची पाती मध्ये सरकवायची. पाती लोण्यातून सुरी जावी तशी गेली तर फट जास्त आहे. अडकली तर कमी आहे. किंचित ओढ लागली की स्क्रू आवळायचा. आवळताना फट हटकून बदलते, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तीनदा केल्यावर जमतं, आणि काही हजार किलोमीटरने पॉइंट झिजले की तेच काम परत.

म्हणून आजची सर्वांत लोकप्रिय सुधारणा म्हणजे त्याच झाकणाखाली लपणारा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच. बाहेरून काही कळत नाही, सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठते. त्याच्या जोडीला डायनॅमो काढून अल्टरनेटर. मंद गतीला डायनॅमो जेमतेम वीज देतो. रात्री गर्दीत दिवे आणि वायपर एकदम लागले की प्रकाश पिवळा पडतो. इंग्रज मालक दिवे बनवणाऱ्या ल्युकस कंपनीला गमतीने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत. एक खबरदारी मात्र हवी. जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं धन टोक सांगाड्याला जोडायची पद्धत होती. ते न तपासता नवा अल्टरनेटर जोडला की त्यातले डायोड क्षणात जळतात.

ब्रेकच्या बाबतीत शौक बाजूला ठेवावा यावर जाणत्यांचं एकमत आहे. चारही चाकांना ड्रम आणि तेलाचा एकच मार्ग ही मूळ रचना. एक नळी फुटली की पायाखाली काहीच उरत नाही. सोलापूर-पुणे महामार्गावर आजच्या वेगात हे चालण्यासारखं नाही. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर, सर्व्हो आणि पुढे नंतरच्या मॉडेलांसारखे डिस्क असा बदल केला जातो. जुन्या क्रॉस-प्लाय टायरच्या जागी रेडियल घातले की गाडी रस्ता धरू लागते. घरच्या अंगणात ऑइल, प्लग, पॉइंट, कार्बोरेटर सगळं करावं. ब्रेकचं काम संपल्यावर मात्र दुसऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये.

टाकीतला ऊस

इंधनाने या गाड्यांना दोनदा धक्का दिला. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर फक्त शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. जुन्या इंजिनांत शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीचं रक्षण करायचा. तो गेल्यावर ओतीव लोखंडाची बैठक झिजू लागली. कायमचा उपाय एकच: हेड उतरवायचं आणि मशीन शॉपमधून कठीण धातूच्या बैठका बसवून घ्यायच्या.

दुसरा धक्का तर घरचाच. राज्यात साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा आघाडीवर आहे आणि उसापासून इथेनॉल तयार होतं. २०२५पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल देशभर पोचलं. अर्धशतकापूर्वीच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. नळ्या फुगतात, मऊ पडतात, पंपाचा पडदा फाटतो, कार्बोरेटरची बुचाची गॅस्केटं चुरतात. इथेनॉल हवेतला ओलावाही शोषतं. महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. शिवाय मिश्रण पातळ पडल्याने इंजिन तापतं. ज्या जिल्ह्याच्या उसाचं इथेनॉल, त्याच जिल्ह्यातला गाडीमालक आता इथेनॉलला दाद न देणाऱ्या व्हायटॉन रबराच्या नळ्या शोधतो, कार्बोरेटरचं जेट किंचित मोठं करून घेतो आणि दर रविवारी गाडी होटगी रस्त्याने एक फेरी मारून आणतो.

पन्नास वर्षांची अट

शेवटी गाठ पडते कायद्याशी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून दूर नेणारा बदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर परवानगी घेऊन आणि आरसी पुस्तकात नोंद करूनच. एकेकाळी गावोगावी अ‍ॅम्बॅसिडरच्या पोटात मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं जाई. नोंद नसलेली अशी गाडी आज तपासणीत अडकते.

जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये; क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. बदल्यात गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. १९७०ची अ‍ॅम्बॅसिडर बाळगणाऱ्याला त्यामुळे ठरवावं लागतं: सुधारणा करून पंढरपूर-अक्कलकोटला फिरवायची, की मूळ रूपात आणून प्रदर्शनापुरती बाहेर काढायची.

बहुतेक जण यातून आपली वाट काढतात. वेल्डिंग किंवा कापाकापी लागेल असा बदल करायचा नाही. जे बसवायचं ते नट-बोल्टाने, उद्या काढता येईल असं. अल्टरनेटर बसला तरी डायनॅमो भंगारात जात नाही. पॉइंटचा संच, जुना पंखा, झिजलेलं पण कंपनीच्या शिक्क्याचं पेट्रोल टाकीचं झाकण असा सगळा ऐवज, कुठला भाग कुठून काढला याच्या चिठ्ठ्या बांधून, माळ्यावर ठेवलेला असतो. तेल गळून डाग पडू नये म्हणून त्यावर एक विटलेली सोलापुरी चादर गुंडाळलेली असते. घरातली मंडळी दर दिवाळीच्या साफसफाईला ते गाठोडं खाली काढतात, हे टाकायचं का म्हणून विचारतात, आणि पुन्हा वर ठेवतात.