डायमेट्रोडॉन, आपला भाऊबंद

खेळण्यातल्या डायनोसॉरचा पुडा फोडला की त्यात पाठीवर शीड उभारलेला एक बसका प्राणी हमखास निघतो. हा डायमेट्रोडॉन, आणि त्या पुड्यात तो चुकून शिरला आहे. डायनोसॉर पृथ्वीवर आले सुमारे 23 कोटी वर्षांपूर्वी. डायमेट्रोडॉनचा वंश त्याच्या जवळपास 4 कोटी वर्षं आधीच संपला होता.

हा घोळ खूप जुना आहे. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर 1845 मध्ये विहीर खणताना लाल खडकात दातांसकट जबड्याचा एक तुकडा मिळाला. फिलाडेल्फियाच्या जोसेफ लायडी यांनी 1854 मध्ये त्याला बॅथिग्नॅथस असं नाव दिलं आणि तो खालचा जबडा मानला. प्रत्यक्षात तो वरचा होता. पुढे काही काळ त्याची गणती डायनोसॉरांतही झाली. दरम्यान, 1878 मध्ये एडवर्ड कोप यांनी टेक्सासमधल्या जीवाश्मांवरून डायमेट्रोडॉनचं नामकरण केलं. कॅनडाचा तो तुकडाही डायमेट्रोडॉनचाच, हे 2015 मध्ये जबड्याच्या आत दडलेली दातांची मुळं तपासल्यावर ठरलं.

मग हा प्राणी कोणाचा? कानशिलावर बोटं ठेवून दात घट्ट आवळा. बोटांखाली जो स्नायू फुगतो, त्याची जागा आपल्या पूर्वजांच्या कवटीत डोळ्यामागे एकच भोक होतं, तिथली. डायमेट्रोडॉनलाही दोन्ही बाजूंना असं एकेकच भोक होतं. डायनोसॉरांच्या घराण्यात मात्र दोन-दोन. म्हणजे तो आपला थेट पूर्वज नसला, तरी सस्तन प्राण्यांच्याच भाऊबंदांतला. नातं इथेच संपत नाही. त्याच्या जबड्याची बिजागरी ज्या दोन हाडांची होती, ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या आक्रसत आपल्या मधल्या कानात गेली. आज आपल्याला ऐकू येतं त्यात त्या हाडांचा वाटा आहे.

पण हा प्राणी खायचा काय? टेक्सासमध्ये सीमोर गावाजवळच्या लाल मातीत जीवाश्मशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खोदकाम केलं. तिथे डायमेट्रोडॉनसारखे शिकारी उदंड आणि जमिनीवरचे चरणारे प्राणी फार थोडे! एवढ्या तोंडांना पुरेल असं भक्ष्य पाण्यातच होतं: गोड्या पाण्यातले शार्क आणि बूमरँगसारख्या डोक्याचा उभयचर डिप्लोकॉलस.

राहिलं शीड. मणक्यांतून निघालेले काटे मोठ्या प्राण्यांत मीटरभर उंच जात. शिडामुळे उन्हात अंग किती लवकर तापेल, याचा दोन ब्रिटिश अभ्यासकांनी 1973 मध्ये हिशेब मांडला: 200 किलोच्या प्राण्याला 26 अंशांवरून 32 अंशांपर्यंत तापायला शिडाविना 205 मिनिटं लागतील, शीड असल्यास 80. आकडे मोहात पाडणारे आहेत. पण जर्मनीत ब्रोमाकर इथे सापडलेली, 2001 मध्ये नोंदवलेली डायमेट्रोडॉनची जात जेमतेम 14 किलोची. एवढंसं अंग उन्हात तसंही लवकर तापतं, तरी तिला शीड होतंच. उलट त्याच काळातल्या स्फेनाकोडॉन या सख्ख्या नातलगाचं तसल्या शिडावाचून काहीच अडलं नाही. म्हणून मला वाटतं, शीड मुख्यतः जोडीदारावर आणि प्रतिस्पर्ध्यावर छाप पाडण्यासाठी असावं. ऊब हा वरचा फायदा.