लंडनच्या सराया आणि जाहीर मैफल

लंडनमधील जुन्या मद्यगृहांचे नाव काढले, की आपल्याकडील सभ्य गृहस्थ नाक मुरडतात. परंतु इंग्रजांच्या नाटकाला आणि जाहीर मैफलीला प्रथम आसरा दिला तो बव्हंशी या घरांनीच, हे आपल्या रसिकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

थेम्स नदीच्या दक्षिणेस सदर्क भागात 'जॉर्ज' ही सराई आजही उभी आहे. 1676 च्या आगीत जुनी इमारत जळाली. ती पुढल्याच वर्षी पुन्हा बांधण्यात आली. चौकाकडे तोंड केलेले लाकडी सज्जे असलेली अशी सराई लंडनमध्ये आता एवढीच उरली आहे. तिच्या दोन बाजू रेल्वे कंपनीने पाडल्या. उरलेला भाग 1937 पासून नॅशनल ट्रस्ट सांभाळीत आहे. शेजारची 'टॅबर्ड' सराई, जेथून चॉसरच्या कथांतील यात्रेकरू कँटरबरीस निघाले, ती मात्र 1873 साली नाहीशी झाली.

लंडनच्या कित्येक सरायांच्या चौकांत पूर्वी नाटके होत. सामान्य लोक मंचाभोवती उभे राहत, ऐपतदार सज्जांत बसत. 1576 साली जेम्स बर्बेजने नाटकासाठी स्वतंत्र घर बांधले, तेव्हाही उघडा चौक व भोवती सज्जे हीच रचना राहिली.

संगीताची कथा आम्हां दरबारी घराण्यांतील माणसांना अधिक जवळची वाटेल. जॉन बॅनिस्टर हा दुसऱ्या चार्ल्स राजाचा व्हायोलिनवादक. त्या दरबारात वादकांची वेतने वर्षानुवर्षे थकत. त्यातच 1667 च्या सुमारास बॅनिस्टरचे वादकांचे नेतृत्वही गेले. मग 1672 च्या डिसेंबरात त्याने व्हाइटफ्रायर्स भागातील 'जॉर्ज' मद्यगृहासमोरच्या आपल्या घरी रोज दुपारी चार वाजता मैफली सुरू केल्या. बैठक मद्यगृहाच्याच थाटाची होती. भोवती बाके व लहान मेजे मांडलेली, वादकांसाठी उंच मंच व त्याला पडदे. एक शिलिंग देणाऱ्यास दार उघडे, शिवाय आवडीची फर्माईश करण्याची मुभा! पैसे घेऊन केलेल्या जाहीर मैफलींचा युरोपातील हा आरंभ मानला जातो.

पुढे 1726 साली स्ट्रँडवरील 'क्राउन अँड अँकर' मद्यगृहात प्राचीन संगीताची मंडळी जमू लागली. 1852 साली लँबेथमध्ये चार्ल्स मॉर्टनने आपल्या मद्यगृहालगत 'कँटरबरी हॉल' उभारला आणि संगीतगृहांची लाट आली.

दरबार गेला म्हणजे गवयाने कोठे जावे, हा प्रश्न आपल्या शहरांनीही पाहिला आहे. बॅनिस्टरला उत्तर सापडले ते शिलिंग देऊन बाकावर येऊन बसणाऱ्या अनोळखी श्रोत्यांमुळे. आपल्या गावच्या मैफलीस फुकट प्रवेशिका मागताना हा श्रोता आठवावा, एवढेच सांगणे.