जुना पडदा आठवतो, पण त्यातला मजकूर कुठे आहे?

विंडोज ९५ सुरू होताना वाजणारा तो काही सेकंदांचा सूर आठवतोय? तुमचं वय पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास असेल, तर बहुधा आठवत असेल. चपला बाहेर काढून शिरायची ती एसी खोली, संगणकावर घातलेलं प्लॅस्टिकचं कव्हर, ‘माउस हळू धरा’ ही क्लासच्या सरांची ताकीद आणि सरांची पाठ वळली की उघडणारा पत्त्यांचा डाव. हिरव्या पटावरचं सॉलिटेअर, माइनस्वीपरमधला पिवळा हसरा चेहरा, काम थांबलं की काळ्या पडद्यावर अंगावर धावून येणारे तारे. आज हे सगळं नव्या संगणकावर, अगदी ब्राउझरमध्येही, जसंच्या तसं चालवून पाहता येतं. हौशी मंडळी ते पाहतात आणि हरखून जातात.

खरं तर ते संगणक काही फार गुणी नव्हते. फाइल उघडायला वेळ लागे, मध्येच पडदा निळा होई आणि तासाभराचं काम वीज जाताच जाई. तरीही त्यांची आठवण गोड का वाटते? त्याचं उत्तर मेंदूच्या कामात आहे. पुण्याच्या कसबा पेठेसारख्या जुन्या वस्तीत मात्र या गोडव्याला एक काळजीची किनारही आहे.

ओळखणं सोपं, आठवणं अवघड

या चित्रमय पडद्याची सुरुवात झाली ती अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात. तिथे १९७३ मध्ये ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला, मायक्रोसॉफ्टचं विंडोज ३.१ हे १९९२ मध्ये आणि विंडोज ९५ हे २४ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याआधी डॉसच्या काळ्या पडद्यावर आज्ञा पाठ करून टाइप करावी लागे. एक अक्षर चुकलं, की काम अडलं.

नव्या पडद्याने हे पाठांतर संपवलं. फाइल पुसायची तर कचऱ्याचा डबा समोर दिसे, जपून ठेवायची तर फ्लॉपीचं चित्र. एखादी गोष्ट मनातून शोधून काढण्यापेक्षा समोर दिसलेली ओळखणं मेंदूला सोपं जातं. हे तत्त्व मानसशास्त्रात जुनंच आहे. त्याचाच फायदा त्या पडद्याला मिळाला.

आज तीस वर्षांनी तेच तत्त्व उलट्या दिशेने काम करतं. जुनं चित्र दिसलं की ते ओळखीचं वाटतं आणि त्याच्या मागे बांधलेलं बाकीचं सगळं ओढलं जातं: खोलीचा वास, शेजारी बसलेला मित्र, पहिल्या पगाराचं पाकीट. गॉडन आणि बॅडली या ब्रिटिश संशोधकांनी १९७५ मध्ये पाणबुड्यांवर एक प्रयोग केला होता. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखालीच जास्त आठवले आणि किनाऱ्यावर पाठ केलेले किनाऱ्यावर. शिकताना भोवती जे असतं, तेही आठवणीत गुंफलं जातं. जुना पडदा हे अशाच ‘भोवती’चं एक टोक आहे.

आजार नव्हे, आधार

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल इथल्या प्रबंधात घडवला, तो आजाराचं नाव म्हणून. घरापासून दूर असलेली माणसं झुरत, त्याला त्याने हे नाव दिलं. आपण मराठीत त्याला स्मरणरंजन म्हणतो आणि आजचं संशोधनही त्याला आजार मानत नाही.

साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या टिम विल्डशट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की माणूस एकटा किंवा खिन्न असतो तेव्हा असं स्मरण अधिक जागं होतं आणि त्यातून आपलेपणाची भावना वाढते. लोकांनी लिहिलेल्या या आठवणींमध्ये बहुतेक वेळा जवळची माणसं होती. म्हणजे आपल्याला हवा असतो तो जुना संगणक नव्हे, तर त्याच्यापुढे खुर्च्या ओढून बसलेली माणसं.

आणखी दोन गोष्टी इथे काम करतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयातही ठळक राहतात. त्यातच, वाईट प्रसंगांची बोच चांगल्या प्रसंगांच्या आनंदापेक्षा लवकर बोथट होते. म्हणून निळा पडदा विसरतो आणि सॉलिटेअर राहतं.

यात एकच पथ्य पाळायचं. जुन्याची आठवण काढून माणूस कुणाला तरी फोन करत असेल, तर ती औषधासारखी आहे. ‘आता काही राम राहिला नाही’ असं रोज घोकून तो घरात मिटत चालला असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते स्मरणरंजन नव्हे. अशा वेळी डॉक्टरांना भेटलेलं बरं.

पहिल्या वेलांटीची गोष्ट

आता कसब्याकडे वळू. नव्वदच्या दशकात कसबा, शनिवार, नारायण अशा पेठांमध्ये छपाईच्या खिळ्यांची जागा डीटीपीने घेतली. लग्नपत्रिका, गणेश मंडळांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक, कुलवृत्तांत असा मजकूर याच चित्रमय पडद्यावर, पेजमेकरमध्ये जुळवला जाऊ लागला. त्यासाठीची साधनंही पुण्यातच होती. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं ‘जिस्ट’ हे भारतीय लिप्यांचं तंत्रज्ञान पुढे नेलं, तर मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्याच कंपनीने ‘श्री-लिपी’ आणली.

मात्र त्या काळच्या फॉन्टमध्ये एक युक्ती होती. संगणकाला देवनागरी कळत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच, फक्त त्याला मराठी मुखवटा चढवलेला. शिवाय कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याने आपापलं ठरवलं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की मुखवटा गळून पडतो आणि समोर निरर्थक इंग्रजी चिन्हं उरतात.

गुंता इथेच संपत नाही. ‘कि’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी साठवली जाई आणि ‘क’ नंतर, कारण दिसताना वेलांटी डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. रफाराचं याच्या उलट. म्हणून जुना मजकूर नव्यात आणताना अक्षरं नुसती बदलून भागत नाही, त्यांचा क्रमही लावावा लागतो.

देवनागरी युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे. पण सर्वसामान्य वापराच्या विंडोजमध्ये ती आली विंडोज २००० पासून, ‘मंगल’ फॉन्टसोबत. हा फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. त्याआधीच्या दहाएक वर्षांतला बराचसा संगणकीय मराठी मजकूर मात्र मुखवट्याआडच राहिला.

फ्लॉपीला मुदत असते

हा मजकूर राहिला तो बहुधा साडेतीन इंची फ्लॉपीवर. तिची क्षमता १.४४ एमबी, म्हणजे आजच्या मोबाइलमधला एक फोटोही मावणार नाही. प्लॅस्टिकच्या पातळ चकतीवरच्या चुंबकीय थरात माहिती असते. वर्षं जातात तसा तो थर कमकुवत होतो आणि पावसाळी दमटपणात त्यावर बुरशीही धरते. सोनी कंपनीने २०११ मध्ये फ्लॉपीची विक्री थांबवली.

जुन्या विंडोजचा पडदा आज कुणीही पुन्हा उभा करू शकतो, कारण त्याच्या प्रती जगभर आहेत. आजोबांनी दहा वर्षं खपून जमवलेल्या कुलवृत्तांताची फाइल मात्र जगात कदाचित एकाच फ्लॉपीवर असेल. छापील प्रत वाळवीने खाल्ली असेल, तर तीच शेवटची.

घरच्या घरी काय कराल?

फ्लॉपी सापडली तर आधी तिच्या कोपऱ्यातली छोटी पट्टी सरकवून भोक उघडं करा. मग तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जात नाही. चकतीवर बुरशी दिसली तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका, जाणकाराला दाखवा. यूएसबीला जोडायचे फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतात. कसब्यापासून चालत जाता येईल अशा तपकीर गल्लीत चौकशी करून पाहा. फ्लॉपीवरून थेट फाइल उघडत बसू नका. आधी सगळ्या फाइल संगणकावर उतरवा आणि मूळ प्रतींना हात न लावता त्यांच्या नकलांवर काम करा. जुन्या संगणकात फॉन्टच्या फाइल असतील, तर त्याही घ्या. कुलपाची किल्ली तीच आहे. त्या-त्या फॉन्टसाठीचे परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि छापील प्रत असेल तर ताडून पाहा. वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. शेवटी दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा.

हे काम एकट्याने करू नका. ज्या आजी-आजोबांनी किंवा काका-मावशींनी तो मजकूर जुळवला, त्यांना शेजारी बसवा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी जुन्या वस्तू दाखवून आठवणी बोलत्या करण्याची पद्धत वापरली जाते. २०१८ च्या कोक्रेन आढाव्यानुसार तिचे परिणाम लहान आहेत आणि सगळीकडे सारखे नाहीत, त्यामुळे तिला उपचाराचा पर्याय समजू नये. पण कुठला फॉन्ट वापरला होता, ‘अंतिम’, ‘अंतिम २’ आणि ‘अंतिम नवीन’ यांतली खरी फाइल कोणती, हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे जुने डबे खाली उतरतील. त्यात काळ्या-निळ्या चौकोनी फ्लॉप्या निघाल्या, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यांच्यावरची लेबलं एकदा वाचा.